दर बारावा पट्टा

माझ्या वडिलांचा पायजमा एकदा बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिक परीक्षेला बसला होता. आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांसमोर कोणी काढत नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

एकोणीसशे पन्नास साल उलटून बरीच वर्षं झाली होती. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, आणि तोही तात्पुरता. वडील अकोल्याला वकील. आजोबाही वकील. मी काचा आणि भिंगं यांच्या नादी लागलो, हे वडिलांनी एखादं दुखणं समजून सहन केलं होतं. पण सहनशक्तीलाही त्यांनी मुदत घातली होती. "एक वर्ष देतो," ते म्हणाले होते. "मार्चच्या परीक्षा संपेपर्यंत नोकरी पक्की झाली तर खुशाल काचा पुसत बस. नाही झाली तर जूनमध्ये नागपूर, लॉ कॉलेज, आणि मग माझं ऑफिस." मला चार माणसांपुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की घाम फुटे. काळा कोट माझ्या स्वप्नात येई आणि त्याच्या बाह्या मला फार लांब होत.

नोकरी पक्की करणं आमच्या विभागप्रमुखांच्या हातात होतं. दिवसाला पाच वाक्यं बोलणारा हा माणूस. त्यातली तीन तरी ग्रेटिंगबद्दल असत. ग्रेटिंग म्हणजे बोटाच्या पेराहून थोडी मोठी काच. तिच्यावर एका इंचात पंधरा हजार रेघा. अशी रेघारेघांची काच विलायतेत कुठेतरी हिऱ्याच्या टोकाने आखतात, मग तिच्यावर पातळ द्रावण ओतून वाळवतात, आणि रेघांचा ठसा घेऊन निघालेला पापुद्रा दुसऱ्या काचेवर चिकटवतात. आमच्याकडे होता तो असा पापुद्रा. रेघा डोळ्याला दिसत नाहीत, पण त्यातून उजेड गेला की त्यातले रंग सुटे होतात आणि कोणत्या रंगाच्या लहरीची लांबी किती, ते मोजता येतं. सर ती काच मखमलीच्या डबीत, डबी कपाटात आणि कपाट कुलपात ठेवत. त्या वर्षी पेपर तपासायला नागपूरला जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "सांभाळा," म्हणाले. मला वाटलं, झालीच नोकरी पक्की.

परीक्षा आठ दिवसांवर होती. बाहेरचे परीक्षक येणार होते. प्रयोगशाळेचे शिपाई माझ्या दुप्पट वयाचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मी रुबाबात मामांच्या हाती किल्ली दिली आणि सांगितलं, "सगळं चकाचक झालं पाहिजे."

संध्याकाळी मामांनी मला मोठ्या अभिमानाने ती डबी उघडून दाखवली.

"पाहा सर. आरशावानी करून ठेवलं."

मी काच खिडकीकडे धरली. पलीकडचं लिंबाचं झाड स्वच्छ दिसलं. फार स्वच्छ दिसलं.

"मामा, याच्यावर रंग दिसायचे."

"होते ना! कोनं तरी घासलेट सांडलं होतं. पान्यावर पडल्यावर सात रंगाचं दिसते, तसंच. पह्यले फडक्यानं पुसलं, जाईच ना. मंग कंदिलाच्या काचेले लावतो तशी राख लावली. लय चिवट होतं सर, पन काढलंच म्या!"

एका इंचातल्या पंधरा हजार रेघा चुलीच्या राखेने गेल्या होत्या. काय झालं ते मी मामांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

"मंग आता?"

"आता मी वकील होतो, मामा."

"तुमी सरले काहून नाई सांगत, का मामानं घासलं म्हून?"

तसं सांगणं सोपं होतं, आणि मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण किल्ली मी दिली, चकाचक मी म्हणालो, आणि कशाला हात लावायचा नाही हे सांगायला विसरलो तोही मीच. आरोपी कोण ते कळावं, एवढा वकील माझ्यातही होता.

नवं ग्रेटिंग मागवायचं तर मुंबईमार्फत विलायतेहून यायला सहा महिने. मग एका जुन्या पुस्तकात मला उपाय सापडला. रेघा बारीक आखता येत नसतील तर मोठ्या आखा, आणि त्यांचा फोटो लांबून, लहान काढा. चाळीस पटींनी लहान केला तर दोन मिलिमीटरची रेघ केसाहून बारीक होते. पंधरा हजार नाही, पण इंचात पाचशे रेघा तरी मिळतात, आणि तेवढ्यांतही रंग सुटतात. मी कार्डशीट आणि काळी शाई घेऊन बसलो. चाळिसाव्या रेघेला शाई पसरली. दुसऱ्या खेपेला साठ झाल्या आणि शेजारी श्वास रोखून उभे असलेले मामा शिंकले. त्यांना बाहेर बसवलं, तर ते दर पाच मिनिटांनी दारातून विचारत, "सर, किती झाल्या?" आणि माझा आकडा चुके.

शनिवारी मी हरल्या मनाने बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. सकाळी मागच्या अंगणात तोंड धूत होतो. दोरीवर वडिलांचा पायजमा वाळत होता. गिरणीचं कापड, पांढऱ्यावर निळे पट्टे, बारीक, सरळ, एकामागे एक. माझ्या हातून तांब्या पडला. मी पट्टी आणून मोजू लागलो.

"काय पाहून राहिलास रे एवढं?" आईने ओट्यावरून विचारलं. "फाटलाय का?"

"नाही. दोन मिलिमीटर आहे."

आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आत गेली. तेवढ्यात पायजमा माझ्या पिशवीत गेला.

अकोल्याच्या बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. फोटोग्राफर म्हाताराच होता, आणि मागच्या पडद्यावर रंगवलेलं तळं आणि दोन हंस. मी पायजमा टेबलावर ठेवला.

"फोटो कोनाचा काढाचा?"

"याचा."

"अन् हे घालनारा मानूस?"

"माणूस नको. नुसता पायजमा. आणि लहान हवा, नखाएवढा."

त्याने पायजम्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पायजमा कोनाचा?"

"वडिलांचा."

त्याचा चेहरा एकदम बदलला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात घेतली. "कवा गेले?"

खरं सांगायला मला पंधरा मिनिटं लागली असती, आणि फोटोसाठी लागणारं स्टुडिओच्या अंगणातलं ऊन सरत होतं. मी मान खाली घातली. जन्मदात्याच्या बाबतीत मान खाली घालून मी काय कबूल केलं, याचा विचार मी तेव्हा केला नाही, हे माझं दुसरं पाप. पहिलं किल्लीचं.

त्यानंतर मात्र त्या माणसाने जीव ओतून काम केलं. पायजम्याला स्वतः इस्त्री केली. एक तंगडी फळीवर ताणून टाचण्या लावल्या. मी सांगितलं तसा कॅमेरा वीस फूट मागे नेला, काळ्या कापडात डोकं घालून पाव तास भिंग मागेपुढे केलं. "लोकं मोठा करून मांगतात," तो कापडाच्या आतून म्हणाला, "तुमी लहान मांगता. खिशात ठेवासाठी असन." काचेची प्लेट धुऊन वाळवून त्याने दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवली, आणि वहीत नाव आणि घरचा पत्ता लिहून घेतला. प्लेटच्या मध्यभागी नखाएवढा करडा चौकोन होता. मी तो डोळ्याला लावून सूर्याच्या कवडशाकडे पाहिलं. कवडशाच्या दोन्ही बाजूंना तांबडा, हिरवा, जांभळा. मी तिथेच उडी मारली. बाप गेलेल्या मुलाने उडी मारलेली पाहून फोटोग्राफरने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

परीक्षेच्या दिवशी सर नागपूरहून परीक्षकांना घेऊन थेट आले. सगळं नंतर सांगायचं असं मी ठरवलं होतं. काळे पडदे लावलेल्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा लागला, मुलांनी एकेक करून दुर्बिणीला डोळा लावला, कोन मोजले, पिवळ्या रंगाची लहर काढली. उत्तरं बरी आली. माझा जीव भांड्यात पडतो आहे तोच परीक्षक स्वतः स्टुलावर बसले. जाडजूड गृहस्थ, तोंडात सुपारी. त्यांनी डोळा लावला आणि सुपारी चघळणं थांबलं.

"या बारक्या रेघा कसल्या?"

त्या मलाही दिसल्या होत्या. पण परीक्षेच्या आठवड्यात दिसलेल्या नको त्या गोष्टीला मी जागरणाचा परिणाम म्हणत असे.

"दोन ठळक रेघांच्या मधे अकरा बारक्या," ते मोजत म्हणाले. "म्हणजे आखणाऱ्या यंत्रात खोट आहे. दर बारावी रेघ वेगळी पडते. कुठलं ग्रेटिंग हे?"

सर म्हणाले, "आमचं निर्दोष आहे." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. घाम फुटला होता, तरी राखेपासून हंसांच्या पडद्यापर्यंत सगळं सांगितलं. मधेच मामा दारातून आत आले. "सायेब, घासलं म्या. सरचा काई दोष नाई." सरांनी मखमलीची डबी उघडली, कोरी काच उजेडात धरली आणि परत ठेवली. मला फार वाईट वाटलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

परीक्षकांना मात्र राख, मामा, मी, कशाचंच घेणं नव्हतं. "पायजमा कुठाय?" त्यांनी विचारलं.

तो माझ्या खणात होता. बघायला जमलेल्या विभागातल्या दोघा प्राध्यापकांनी पडदा सारून पायजम्याची एकेक तंगडी धरली, तो खिडकीत ताणला, आणि परीक्षक पट्ट्यांवर बोट ठेवून मोजू लागले. "नऊ, दहा, अकरा, बारा! हा पाहा. जाड! पुन्हा मोजा." बारावा पट्टा खरोखरच बाकीच्यांहून किंचित जाड होता. हा माणूस दुर्बिणीतून पाहून, न पाहिलेल्या पायजम्याची नक्षी सांगत होता. मी नोकरी विसरून पाहत राहिलो.

आणि त्याच वेळी दारात काळा कोट उभा राहिला.

"तो पायजमा माझा आहे," वडील म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. "काल एक माणूस माझ्या दुखवट्याला घरी आला. दार मीच उघडलं. माझा जुना फोटो मोठा करून रंगवून देतो म्हणाला. त्याला चहा पाजला आणि आज पहिल्या गाडीने निघालो. तुला घेऊन जायला."

"आपला का?" परीक्षकांनी आनंदाने विचारलं. "बसा, बसा! यात दर बारावा पट्टा जाड आहे, हे आपल्याला ठाऊक होतं?"

"हा प्रश्न मला कोणत्या अधिकारात विचारला जातो आहे?"

पण परीक्षकांनी पडदा पुन्हा ओढायला लावला आणि त्यांना दंडाला धरून स्टुलावर बसवलंच. वडिलांनी चष्मा कपाळावर सारून डोळा लावला. चहा निवेल इतका वेळ ते तसेच बसले. मग हळूच म्हणाले, "अकरा." त्यांनी मोजल्या होत्या. नंतर त्यांनी चष्मा खाली घेतला आणि कोर्टात उभे राहत तसे उभे राहिले.

"पट्टे सगळे सारखे असते, तर या मधल्या रेघा दिसल्या असत्या?"

"नसत्या," परीक्षक म्हणाले.

"म्हणजे कापडात जे आहे, ते जसंच्या तसं काचेवर उतरलं आहे."

"अगदी जसंच्या तसं."

"मग खोट गिरणीची," वडील सरांकडे पाहत म्हणाले. "मुलाच्या कामात नाही."

वडिलांनी माझी बाजू घेतलेली मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. मला रडू आलं, आणि खोलीत पडदे होते याचं बरं वाटलं.

सरांनी किल्ली एका बोटाने माझ्याकडे सरकवली. "नवं येईपर्यंत हेच वापरायचं," ते म्हणाले. "आणि नवं आलं की तुम्ही सांभाळायचं." मोजून दोन वाक्यं, पण त्यांतलं दुसरं पक्क्या नोकरीचं होतं. मामांनी ते माझ्याआधी ओळखलं आणि परीक्षकांसाठी आणलेली वरूडच्या संत्र्यांची टोपली त्यांच्यापुढून उचलून वडिलांपुढे ठेवली.

वडील निघाले तेव्हा मी पायजम्याची घडी करून त्यांच्या हातात देऊ लागलो. त्यांनी घेतली नाही.

"मुद्देमाल कोर्टातच राहू दे," म्हणाले, आणि एकटेच स्टेशनकडे गेले.

नागपूरचा विषय पुन्हा निघाला नाही. आईच्या पत्रांतून कळे की ते कापडाच्या दुकानांत जातात, चष्मा कपाळावर सारून ठाणाला डोळे लावतात आणि दुकानदारांशी भांडतात. दिवाळीला माझ्या नावाने अकोल्याहून एक पार्सल आलं. आत पट्ट्यापट्ट्याचं दोन वार कोरं कापड होतं. वरच्या चिठ्ठीत वडिलांचं वकिली अक्षर होतं.

"दोनशे पट्टे स्वतः मोजले. सर्व सारखे. वापरावे."