ह्यांच्या वाट्याचं बोलणं

गुडघे आखडतात म्हणून सकाळी चालते, असं मी डॉक्टरांना सांगते. शेजारणीला शुगरचं कारण देते. मुलीचा पुण्याहून फोन आला की म्हणते, घरात बसून अंग जड होतं गं. तिन्ही कारणं खरी आहेत. पण सकाळी स्वेटरची बटणं लावताना मला त्यातलं एकही आठवत नाही. एवढंच मनात असतं की ती तिघं आता कालव्याच्या पुलावर जमली असतील आणि माझ्याशिवाय बोलायला लागली असतील.

आमचं घर ब्रह्मपुरीच्या कडेला आहे, वस्ती संपून धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सुरू होतात तिथे. मागून कालव्याची वाट जाते. आधी बांध्या, मग झुडपी जंगलाचा एक टप्पा, त्यापलीकडे रोपवाटिका. रोपवाटिकेच्या फाटकाला हात लावायचा आणि परत फिरायचं. आमचे हे निवृत्त झाल्यापासून रोज एवढं चालायचे. सोबतीला तिघं असायची. एक बसचे निवृत्त कंडक्टर. दुसरे टेलर चाचा, त्यांचं दुकान बाजारात आहे, आता मुलगा बघतो. तिसऱ्या आमच्या मागच्या गल्लीतल्या सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान आणि अजून ताठ.

एकट्याने फिरायची सोय आमच्याकडे नाही. वाघ आहे. नीट उजाडल्याशिवाय निघायचं नाही, आणि झुडपी टप्पा लागला की गप्प राहायचं नाही. माणसं येताहेत हे त्याला लांबून कळलं म्हणजे तो आपला बाजूला होतो. कोणी टाळ्या वाजवत जातात, कोणी मोबाइलवर भजन लावतात. ह्या चौघांची रीत वेगळी होती. एकाने मधे चालायचं आणि न थांबता बोलायचं, बाकीच्यांनी मागून-पुढून हुंकार द्यायचा.

हे सगळं मला ह्यांच्या मागे कळलं. ह्यांनी घरी कधी सांगितलं नाही, कारण घरी हे काहीच सांगत नसत. ‘हं’, ‘बरं’ आणि ‘मीठ कमी आहे’ यांवर आमचे दिवस जात. बोलण्याची बाजू माझी, तीही संध्याकाळी भाजी निवडताना. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, वाचल्याशिवाय मला राहवत नाही आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय पचत नाही. बाहेर मी चार शब्दांची बाई, पण ह्यांच्यासमोर मी पुस्तकंच्या पुस्तकं सांगितली. हे टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसायचे.

“ऐकताय ना?” मी विचारायची.

“हं.”

भाद्रपदात एका सकाळी हे फिरून आले, चहा घेतला, खुर्चीत मान टेकवली. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती तिघं भेटायला आली. चाचा दारातच टोपी हातात घेऊन उभे राहिले. सिस्टर माझ्याजवळ सतरंजीवर बसल्या, माझा हात धरला आणि रडत म्हणाल्या, “आता जंगलात आमाले गोष्टी कोन सांगन हो बाई?”

मला वाटलं, चुकून बोलल्या. “गोष्टी कोण सांगायचं?”

“भाऊच त. दुसरं कोन? आमी तिघं फक्त हुंकारे.”

“हसू हसू पोट दुखे,” कंडक्टर म्हणाले आणि लगेच खाली बघू लागले.

मी हात सोडवून घेतला. पाणी आणते म्हणून आत गेले आणि माठाजवळ उभी राहिले. दुःखात मत्सराला जागा असते हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. भरपूर जागा असते. माझा नवरा रोज सकाळी तासभर हसवायचा, आणि मी घरी पोह्यांवर झाकण ठेवून वाट बघायची. त्या शेवटच्या सकाळीही तो मनसोक्त बोलून आला होता. माझ्या वाट्याला रिकामा होऊन आला आणि खुर्चीत बसला.

धान कापणीला आलं तेव्हा मी ह्यांचा मफलर गुंडाळून पुलावर जाऊन उभी राहिले. तिघं चपापली. “मले वाटलं भाऊच आले,” चाचा म्हणाले. ते मला भाभी म्हणतात. “चला भाभी. अच्छा केलं.”

पहिले काही दिवस मी नुसती चालले. बोलायचं काम कंडक्टरांवर पडलं होतं आणि ते बसच्या मार्गावरच्या गावांची नावं घेत चालत. मी गप्प असलेली बघून त्यांनी मला टोकलंच. “बाई, काऊन मुक्यानं चालून राह्यल्या? इथी गप राहाची सोय नाई. कमीत कमी हं त म्हना.”

“हं,” मी म्हटलं. तिघंही हसली. तो ‘हं’ अगदी ह्यांचा होता, घरातला. पण त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. ती दुसऱ्याच कशाला तरी हसली.

मी चालत होते ते ऐकायला. एकेक गोष्ट निघायची आणि मला बोचायची. ह्यांना हसू आलं की चालता येत नसे, वाटेत थांबून गुडघ्यांवर हात ठेवत, असं सिस्टरांनी सांगितलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात ह्यांनी तीन पँटींची कंबर आत घालून घेतली होती, हे चाचांकडून कळलं. “वजन उतरलं होतं ना भाभी. मले म्हने, घरी नोको सांगू, फिकर करन.” त्या पँटी मी धुवून वाळत घालत होते. पट्टा एक भोक पुढे गेलेला मला दिसला नव्हता आणि शिंप्याला दिसला होता.

सिस्टरांचा राग मला सगळ्यांत जास्त यायचा. त्यांनी काही केलं नव्हतं, म्हणून अधिक. त्या ‘भाऊ’ म्हणत, आणि त्या शब्दात त्यांच्या किती सकाळी साठलेल्या होत्या.

एक दिवस कंडक्टर मागे वळून म्हणाले, “बाई, तुमाले ठाऊक असन. त्या डोंगेवाल्याच्या बायकोचं पुढं का झालं?”

“कुठला डोंगेवाला?”

“मार्कंड्याच्या बाजूचा. भाऊच्या वळखीचा होता म्हने. अर्धीच राह्यली ना गोष्ट.”

मग तिघांनी मिळून सांगितली. वैनगंगेच्या काठी एक डोंगेवाला, म्हणजे नावाडी, आणि त्याची बायको राहत. एकदा तो भांडून पलीकडच्या काठाला गेला तो परतलाच नाही. डोंगाही तिकडेच. तेव्हापासून रोज संध्याकाळी पलीकडे कोणी चूल पेटवतं. धूर दिसतो, माणूस ओळखू येत नाही. बाईला पोहता येत नाही. ती वाट बघते, चिडते, आणि शेवटी एका पहाटे पदर खोचून पाण्यात उतरते.

“घोट्याइतकं पानी झालं, गुडघ्याइतकं झालं,” चाचा म्हणाले, “आणि रोपवाटिकेचं फाटक आलं. भाऊ म्हने, उरलेलं उद्या.”

माझे पाय थांबले. ही गोष्ट माझी होती. म्हणजे मी वाचत असलेल्या कादंबरीतली होती. त्यात बर्फाचा देश होता, गोठणारी नदी होती, आणि नावाड्याची बायको काळा लोकरी कोट घालायची. मी ती भाजी निवडता निवडता सांगत होते आणि हे आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे बघत होते. ह्यांनी बर्फ काढून टाकला होता, नदी वैनगंगा केली होती आणि कोटाच्या जागी लुगडं दिलं होतं.

“आणि ती बाई गुस्सा आला का बोले नाई,” सिस्टर हसू दाबत म्हणाल्या. “नुस्ती भांडी आपटे. पहिली ताटं, मंग वाट्या, मंग चमचे. ऐकणाऱ्यानं समजून घ्याचं का राग कुठवर चढला. भाऊ आवाज काढून दाखवे.”

पुस्तकात भांडी नव्हती. ती माझी होती. ताटं, वाट्या, चमचे, ह्याच क्रमाने. म्हणजे हे ऐकत होते. पुस्तकही ऐकत होते आणि माझा रागही, आणि दोन्ही सकाळी उचलून ह्या लोकांना देऊन येत होते. मी कोरडी पानं सांगायची, हे त्यांत जीव घालायचे, आणि तो जीव बाहेरच खर्च व्हायचा. एखाद्या बाईला आनंद झाला असता. मला मात्र घरी जाऊन भांडी आपटावीशी वाटली, आणि भांड्याला हात लावताच तेही जमेना.

कादंबरी कपाटात होती, खूण घातलेली. पाण्यात उतरेपर्यंतच मी वाचलं होतं, त्यापुढे ह्यांनाही ठाऊक नव्हतं. पलीकडे चूल कोण पेटवत होतं हे फक्त त्या पुस्तकाला माहीत होतं, आणि पुस्तक माझ्याकडे होतं. त्या तिघांकडे नाही अशी एक तरी गोष्ट मला मिळाली होती. “मला नाही माहीत,” असं मी त्यांना सांगून टाकलं. वाचलंही नाही. उघडलं असतं तर सांगावंसं वाटलं असतं, आणि सांगायला ती तिघंच होती.

धान कापून झालं, बांध्या उघड्या पडल्या. एका सकाळी आम्ही झुडपी टप्प्याच्या मध्यावर होतो आणि पुढे चालणारे चाचा थांबले. कालव्याच्या धुळीत पंजे उमटलेले होते. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. कंडक्टरांचं बोलणं अर्ध्या गावावर तुटलं. सिस्टरांनी माझं कोपर पकडलं. अशा वेळी पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, एकमेकांना धरून सावकाश मागे सरायचं आणि बोलत राहायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलायला कोणाच्या तोंडात ओल नव्हती. डावीकडच्या करवंदीच्या जाळीत पक्षी ओरडत होते, तेही थांबले.

“बोला ना कोनी,” चाचा कुजबुजले.

“गुडघ्याइतकं पाणी झालं,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मी तो घराबाहेर इतका मोठा कधी काढला नव्हता. “मग कमरेइतकं झालं. थंडगार. तिनं मागं वळून पाहिलं नाही.”

“हं,” कंडक्टर म्हणाले.

“लुगडं जड झालं, पायांत गुंतायला लागलं. तिनं ते सोडलं आणि मुठीत धरलं.”

“मंग?” सिस्टरांनी विचारलं.

मला पुढचं माहीत नव्हतं. मी पाणी वाढवत नेलं. तिला एक वाहत आलेला ओंडका दिला, मधल्या रेतीवर टेकवलं, दम खाऊ दिला, पुन्हा उतरवलं. आम्ही पाऊल पाऊल मागे येत होतो आणि ती पुढे जात होती. जाळीत काही हललं की नाही, मला सांगता येणार नाही. बांध्यांचा उजेड आला तेव्हा ती अजून पाण्यातच होती. चाचा शेताच्या धुऱ्यावर बसले. सिस्टरांनी डोळे पुसले आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बाई, तुमाले त ठाऊक नव्हतं.”

“नाही ठाऊक.”

“भाऊ असं नाई सांगत. ते मधात मधात हसवे.”

त्यांनी सहज म्हटलं होतं. तरीही आतून काहीतरी ताडकन उठलं आणि मी म्हणाले, “मग दाखवा ना कसं सांगायचे ते. मी सांगते तुम्हाला पुढचं. पण फुकट नाही सांगणार.”

तेव्हापासूनचा हा व्यवहार आहे. जाताना मी मधे चालते आणि डोंगेवाल्याची बायको पुढे नेते. पुस्तक आता उघडलं आहे, रोज एखादं पान वाचते, अधिक नाही. लोकरी कोटाचं लुगडं मलाच करावं लागतं. येताना त्यांची पाळी. ह्यांनी तिथे काय काय सांगितलं, कसं सांगितलं, कुठे थांबले, तेवढं त्यांनी मला परत करायचं. टाळाटाळ केली तर मी दुसऱ्या दिवशी बाईला रेतीवरच बसवून ठेवते. “आज काऊन पुढं सरकली नाई?” कंडक्टर विचारतात. “काल तुम्ही नुसत्या बसच्या गोष्टी सांगितल्या,” मी म्हणते.

मत्सर काही गेलेला नाही. उलट रोज नवीन काही मिळतं आणि रोज नव्याने लागतं. पण त्याचा एक उपयोग आहे, तो अंथरुणातून उठवतो. थंडी होती तेव्हाही उठवलं, आता मोहाची फुलं गळायला लागली आहेत तरी उठवतो. डॉक्टर म्हणाले, शुगर छान उतरली, असंच नियमित चालत राहा. मी हो म्हटलं.

परवा परतताना कंडक्टरांनी ह्यांचा आवाज काढला. रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या नकला करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, गळा तयार आहे. आधी भांड्यांचे आवाज काढले, ताटं, वाट्या, चमचे. मग जराशा अनुनासिक, घाईच्या आवाजात म्हणाले, “आता ऐका, चमच्यांवर आली म्हंजे आपन बोलाचंच नाई. आपन फक्त हं म्हनाचं.”

डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण त्या टप्प्यात ते चालत नाही. मी उघड्या डोळ्यांनी त्या माणसाच्या गळ्याकडे बघत राहिले. ह्यांचा आवाज तिथे होता, परक्या, रोज दाढी केलेल्या गळ्यात, थंडीभर मफलरखाली झाकून ठेवलेला.

“आणखी एकदा,” मी म्हणाले.

“आता उद्या, बाई.”

“हं,” मी म्हटलं, आणि फिरून बांध्यांकडे चालू लागले.