दुसरीच्या मापाची सायकल

चाळिशीत पहिल्यांदाच टेकडीवर चालवायची सायकल घ्यायला गेले. बायकांसाठीच्या नव्या सायकली परवडेनात, तेव्हा दुकानदारानं एक वापरलेली पुढे केली. बसून पाहिलं, तर सीट, हँडल, सगळं माझ्याच उंचीचं.

"एका बाईंची होती. आता त्या नाहीत," तो म्हणाला.

दुसऱ्या माणसाचं माप आपल्याला इतकं नेमकं कसं बसतं, या विचारानं अंगावर काटा आला. तरीही घेतली.

सकाळी टेकडी चढताना, मी नवशिकी असूनही, वळण दिसण्याआधीच हात वळत होते. वर शेळ्या राखणारी म्हातारी पाठमोरी बसली होती. चाकांचा आवाज ऐकून ती न वळताच म्हणाली, "लई दिसांनी आलात, ताई!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज ऐकला, "हो मावशी, जरा बरं नव्हतं."