रफिकचाचांच्या दुकानातली इंग्रजी

बातमी बाबांच्या फोनवरून आली. मी वॉर्डात होते, हातात ग्लोव्हज. खिशातला फोन लागोपाठ तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा ग्लोव्हज काढून तो घेतला. “रफिकभाई गेले पोरी,” बाबा म्हणाले. मी रिसोडला पोचले तोवर दफनही उरकलं होतं. आता त्यांचा चाळिसावा दिवसही झाला. लिहू की नको करत इतके दिवस काढले. पण ज्यांनी मला बोलतं केलं, त्यांच्याबद्दल मीच गप्प बसले तर मला लाज वाटायला हवी.

रफिकचाचा आमच्या गल्लीतले टेलर. उमेदीची वीस वर्षं मस्कतला शिलाई करून परतलेले. मी नर्सिंग चांगल्या मार्कांनी पास झाले, पण पुण्यातल्या दवाखान्यांच्या मुलाखतीत दोनदा आपटले. इंग्रजी लिहिता यायची. समोर माणूस बसला की जीभ टाळूला चिकटायची. तिसऱ्यांदा नाही जमलं तर स्थळं बघायची, हे बाबांनी जाहीर करून टाकलं होतं. मला नोकरी हवी होती आणि हातात एकच संधी उरली होती. ब्लाउज शिवायला टाकायला गेले आणि चाचांपुढे सगळं भडाभडा बोलून मोकळी झाले. ते म्हणाले, “पाठ केलेलं काहून सांगतं बेटा? तू दर साली शेगावले पायदळ जातं ना? ते सांग मले. इंग्लिशमंधी.”

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर. पद्धत त्यांचीच. मी इंग्रजीत बोलत असेपर्यंत मशीन चालणार. मी मराठीवर घसरले की पायडलवरचा पाय थांबणार. तेव्हा ईद तोंडावर आलेली, कपड्यांचे गठ्ठे छताला लागायचे बाकी होते, आणि मी अडखळले की गिऱ्हाइकं माझ्याकडे अशी बघत की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चाचांचे प्रश्न मास्तरांसारखे नव्हते. वर्षानुवर्षं त्यांनी पायी जाणाऱ्यांच्या पिशव्यांचे तुटलेले बंद फुकट शिवून दिले होते, पण पुढं ती माणसं कुठं झोपतात, काय खातात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते खरंच विचारत. व्हेअर यू स्लीप? हू कुक? पायाला फोड आले तर? मग मी शब्द शोधायची. टाच, पालखी, मुक्काम, शाळेचा व्हरांडा. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं, हे सांगायला मला दोन संध्याकाळी लागल्या. टेलर असून चाचा ते ऐकून कळवळले.

एकदा मात्र मी स्टुलावरून उठलेच. नाही जमत म्हणाले. चाचांनी दाभणाएवढ्या सुईत दोरा ओवला, ती बाजूला ठेवली आणि मस्कतची गोष्ट सांगितली.

“पयले सहा महिने मी खाणाखुणा करून माप घेतलं. लोकायले वाटे, हा मुकाच आहे. कोनी हसलं तरी मले सांगता येत नोयतं का मी कोन आहो. ते सहा महिने मी कोनाच्याच वाट्याले येऊ देनार नाही. बस खाली.”

मी बसले.

मुलाखतीला तीन जण होते. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर मी पाठ केलेलं बाजूला सारलं आणि सरळ रिसोडहून निघाले. फोडातल्या दोऱ्यापाशी आले तेव्हा मेट्रनबाईंनी अडवलं. नर्स म्हणून हे तुम्ही कराल? घरी माझे बाबा करतात, मी म्हटलं, पण वॉर्डात मी कुणालाही करू देणार नाही, जंतुसंसर्ग होतो. एकही मराठी शब्द न येता हे तोंडातून निघालं. बाई हसल्या आणि विचारलं, केरळात कुठं शिकलात? मला कळेचना. मग त्यांनीच सांगितलं, मी देवळाला ‘टेंपल’ऐवजी ‘टेंबल’ म्हणते, थेट त्यांच्या गावाकडच्या माणसांसारखी. मस्कतला चाचांना इंग्रजी शिकवणारे उस्ताद केरळचे होते! पुण्यात मी खुर्चीवरच हसत सुटले. नोकरी मिळाली. पेढे घेऊन गेले तर चाचांनी आधी मशीन थांबवली, मग डोळे पुसले.

गेल्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात उच्चार सुधारण्याचा वर्ग झाला. त्यात माझं नाव होतं. शिकवणाऱ्या मॅडमनी माझा ‘टेंबल’ पकडला आणि दुरुस्त करून दाखवला. मी एका झटक्यात बरोबर म्हणून दाखवलं. मला येतो तो उच्चार, कितीतरी वर्षांपासून येतो. मॅडमनी विचारलं, मग चुकीचं का म्हणता? ड्यूटीवर नाही म्हणणार, असं मी त्यांना सांगितलं, आणि ते पाळीन. पण ड्यूटी संपल्यावर मी ‘टेंबल’च म्हणणार. चाचांचा आवाज कुणी कधी टेप केला नाही. तो आता एवढाच ऐकू येतो.