अकरा पावलांचा गुंठा

"तुझं पाऊल मापाला चालत न्हाय, पोरी. तुमची दोन म्हंजी आमचं एक."

तात्या असं बोलले आणि बांधावर बसलेली त्यांची दोन्ही मुलं हसली. मी त्यांच्याच रानात उभी होते, कापलेल्या सोयाबीनच्या धसकटांत. पोटऱ्या सोलून निघाल्या होत्या. रान कापायला माझे पाय चालले होते. मोजायला चालत नव्हते.

आमच्याकडं सोयाबीन गुत्त्यावर कापतात. एकराचा भाव आधी ठरतो, रान किती भरलं ते कापून झाल्यावर मोजतात. तेही पावलांनी. तीन फुटांचं एक पाऊल. अकरा पावलं लांबी, अकरा पावलं रुंदी, झाला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हिशेब सोपा आहे. पाऊल कुणाचं, एवढंच कुणी विचारत नाही.

पाऊल तात्यांचं. सहा फुटी माणूस. एरवी बांधावरून रमतगमत चालणार, मोजायला लागले की ढांगा टाकणार. त्यांच्या मागं माझी आई, आमच्या टोळीची मुकादम, दर अकराव्या पावलाला काडी रोवत पळायची. अक्षरशः पळायची. त्या वर्षी मला ते बघवेना. म्हणून म्हणाले, "तात्या, औंदा म्या मोजू का?" त्यावर त्यांनी ते उत्तर दिलं.

त्या पोरांचं हसणं मी विसरले असते. आईनं केलं ते विसरता येत नाही. तिनं काडी खाली टाकली, हात जोडले आणि म्हणाली, "ल्हान हाय ती, तात्या. तुमचंच माप खरं." मी लहान नव्हते. दोन लेकरांची आई होते.

दोन म्हणजे एक. हे मला लहानपणापासून पाठ आहे. दोन बायांचा एक गडी, हे मजुरीत. आजीच्या काळी धान्य मोजताना पायलीला आमच्या जातीचा हात लागू देत नव्हते. वरून पदरात ओतायचे आणि पायली भरली होती की नाही ते त्यांनीच सांगायचं. आता हॉटेलात कप एकच असतो, पाण्यालाही कुणी अडवत नाही. मापाला मात्र अजून अडवतात. माप हातात राहिलं की बाकीचं सोडून दिलं तरी त्यांचं काही बिघडत नाही.

त्यानंतर मला चैन पडेना. अंगणात चालायचे, मागं वळून पाऊल बघायचे. येरमाळ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना लोकांच्या ढांगा बघत बसायचे. नवरा म्हणाला, "येड लागलं का तुला?" लागलं होतं.

शेवटी गवंडी भावाचा टेप घेतला आणि शेण वेचायच्या निमित्तानं त्याच रानात गेले. कापणीच्या वेळी भुई ओली होती. तात्यांच्या बुटांचे ठसे वाळून दगड झाले होते. टाचेपासून टाचेपर्यंत टेप लावला. तीन फूट आणि वर वीतभर. पुढचं पाऊल तेच. त्याच्या पुढचंही तेच. पावलामागं वीत वाढली म्हणजे गुंठा लांबीला वाढला आणि रुंदीलाही वाढला. दीड गुंठा कापायचा आणि पैसे एकाच गुंठ्याचे घ्यायचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं.

आईला नेऊन दाखवलं. ती उकिडवी बसली, ठशात तळवा ठेवला. "एवढं?" म्हणाली.

यंदा आम्ही रानात गेलो ते दोरी घेऊन. तेहतीस फुटांची. मोजून गाठ आईनंच मारली. शेंगा वाळून तडकायला लागल्या होत्या, तात्यांना घाई होती. मी म्हणाले, "तात्या, आधी माप. मंग इळा."

"बापजाद्यापासून पावलानंच मोजतोय आमी. दोरी कशाला?"

"दोरीला पाय नसत्यात, तात्या."

या वेळी मुलं हसली नाहीत. तात्यांनी फोन काढला. "लई शानी झालीस. दुसरी टोळी आणतो."

आणली. दुपारी टेम्पोतून शेजारच्या वाशी तालुक्यातल्या बाया उतरल्या, माना खाली घालून रानात शिरल्या. आम्ही बांधावर बसून बघत होतो. संध्याकाळी तात्या ढांगा टाकत निघाले आणि त्यांच्या मागं एक म्हातारी काडी घेऊन पळत होती. आईनं तोंड फिरवलं. आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो.

आई म्हणाली, "उद्या काय करायचं?"

उद्याही दोरी. आधी दोरी पडेल, मग माझा विळा चालेल. तात्यांच्या रानात असो, नाहीतर आणखी कुणाच्या. वाशीकडच्या त्या बायांच्या वस्तीवरही मी दोरी घेऊन जाणार आहे. दोरी एकट्यानं धरता येत नाही. एक टोक मालकानं धरावं, माझी ना नाही. दुसरं मी सोडणार नाही.