तांबट गल्लीतले नऊ अंगठे

नाशिकच्या तांबट गल्लीतला तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तीसच्या दशकात मी शहरात नवा फौजदार होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

गल्लीत नऊ घरं, नऊही तांबटांची. यात्रेकरू वाढल्यामुळे कापडाच्या व्यापाऱ्यांना तिथे दुकानं हवी होती. घरमालक राजी असतील तर भट्ट्या आणि ठोकाठोक गावाबाहेर हलवू, गल्ली बाजाराला देऊ, असं म्युनिसिपालिटीने ठरवलं. लगेच संमतीचा कागद दाखल झाला. खाली नऊ अंगठे.

आठवड्याभरात एक म्हातारा तांबट चौकीत आला. सोबत त्याचा शिकलेला मुलगा, एका कापडवाल्याकडे कारकून.

"साहेब, मी अंगठा दिलेलाच नाही. घराच्या ओट्यावर माझी भट्टी आहे. ती गेली तर मी खाऊ काय?"

मी चौकशी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी फुलं विकणारी बाई हळूच म्हणाली, "सायेब, कागद घेऊन गल्लीत कुणी आलंच नाय. मी दिसभर हितंच बसते." कागद दाखल केला होता मुलाच्याच मालकाच्या, त्या कापडवाल्याच्या दिवाणजीने, आणि तो मात्र ठाम होता. सगळ्यांनी दुकानात येऊन अंगठे दिले, हाच त्याचा जबाब.

मी म्हाताऱ्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. नुसता काळा डाग. मुद्दाम अंगठा फिरवलास म्हणून मी त्याच्यावर खेकसलो, हात धुवायला लावले. तीनदा घेतला, तीनदा डागच.

"चाळीस वर्षं भांडं याच अंगठ्याखाली दाबून धरतोय, साहेब. रेघा राहतील कशा?"

मला माझीच लाज वाटली. बाकीच्या आठ जणांना बोलावलं. कुणाचा ठसा पुसट, कुणाचा अर्धा. कागदावरचे नऊही अंगठे मात्र स्वच्छ होते. भिंग लावलं, तर नऊही एकाच माणसाचे. प्रत्येकात मधोमध एक तिरपी चीर.

दिवाणजीचा ठसा जुळला नाही. म्हाताऱ्याला भिंगातून ती चीर दाखवली, तर त्याने भिंग खाली ठेवलं. म्हणाला, "साहेब, तक्रार मागे घेता येईल का?"

"नाही. नऊ घरांचा प्रश्न आहे."

मुलगा मागेच उभा होता. त्याने आपणहून डावा हात पुढे केला. अंगठ्यावर लहानपणी पत्र्याने कापल्याची तिरपी खूण होती.

"शेटजी कोपऱ्यावरचं दुकान देणार होते," तो म्हणाला. "बाबा, तुमचे हात बघून मला त्या ओट्यावर बसवेना."

"मीच तुला हातोडी धरू दिली नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणून तुझ्या रेघा शाबूत राहिल्या."

मुलाला शिक्षा झाली. शेटजींची कागदावर कुठेच सही नव्हती, ते सुटले. याचा राग मला आजही आहे. पुढे म्युनिसिपालिटीने घरोघरी विचारून गल्लीच्या तोंडाशी चार दुकानं होऊ दिली आणि आतली ठोकाठोक तशीच ठेवली. आधीच विचारलं असतं तर एक घर वाचलं असतं. गाव वाढवायला माझी ना नाही, पण तिथे राहणाऱ्यांना कुणीतरी दारात जाऊन विचारायला हवं, एवढं मी त्या खटल्यात शिकलो.

शिक्षेआधी मुलाविरुद्धचा जबाब म्हाताऱ्याने शब्दन् शब्द खरा दिला होता. खाली अंगठा उमटवला. पुन्हा काळा डाग. या वेळी मी त्याला हात धुवायला सांगितलं नाही.