चामड्यावरचा हात

उद्याकाका हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं. जुने बँजो दुरुस्त करायचा त्यांचा धंदा, आणि कुणी कधीही विचारायला आलं तरी उत्तर ठरलेलं: "उद्या या." हा आळस नव्हता, निदान सगळा तरी नव्हता. चार तारांच्या टेनर बँजोच्या गोल तोंडावर वासराचं चामडं असतं. ते भिजवायचं, लाकडी कड्यावर ओढायचं, वरून धातूचं कडं बसवायचं आणि मग हाताची घडी घालून गप्प बसायचं. ओलं असताना घाई केली की फाटतं. धीर धरून वाळू दिलं, मग एकेक स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळला, की गातं. मधला सगळा वेळ काका खिडकीशी बसून काढत आणि त्यालाही कामच म्हणत.

त्यांची खोली एका लॉन्ड्रीच्या वर होती. खालची ऊब फळ्यांमधून वर यायची, छताला टांगलेले बँजोचे दांडे कुणी दार उघडलं की सावकाश गिरक्या घ्यायचे, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं मंद आचेवर दिवसभर पुटपुटत असायचं. तिथे पाच मिनिटं बसलेला माणूस आपण कशाला आलो होतो हेच विसरायचा. काका तर तिथे चाळीस वर्षं बसले होते.

त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, नव्याला जुनं करणं. दांड्यावरच्या नक्षीतल्या तुटल्या शिंपल्याच्या जागी नवा शिंपला असा पिवळवून बसवायचे की मालकही फसावा. आणि दुसरी, डाग वाचणं. वाजवणाऱ्याचा उजवा हात वर्षानुवर्षं चामड्याच्या एकाच जागी टेकतो, तिथे ते हळूहळू तपकिरी होत जातं. तो डाग बघून काका माणूस सांगत. "हा चिडका होता बघ, मनगट आपटायचा. आणि ही बाई लाजाळू, नुसती टेकवायची." बरोबर की चूक हे तपासायला कोण येणार? पण सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा, म्हणून काकूही ऐकून घेत.

एका सोमवारी एक नर्स ड्यूटीवर जाता जाता बँजो घेऊन आली. तिच्या आईचा. आई एका नाचाच्या हॉलमधल्या बँडमध्ये तीस वर्षं वाजवायची, गेल्या वर्षी गेली. चामडं फाटलं होतं, कड्याच्या लाकडाचे थर सुटले होते.

"वाजता करून द्या, काका. कधी येऊ?"

"उ... शनिवारी या," काका म्हणाले, कारण त्यांची तंद्री लागली होती. असा मॅपल त्यांनी फार वर्षांत पाहिला नव्हता. लाकडाच्या रेघा पाण्याखाली हलल्यासारख्या हलत होत्या. ती गेल्यावर काका त्या हॉलमध्येच जाऊन पोचले: मेणाने घासलेली जमीन, सरकणारे बूट, खिडक्यांवर साचलेला श्वास. हात मात्र इथेच होते, आणि त्यांनी सवयीने आपलं काम उरकलं. सुरी फिरवली, जुनं चामडं कापून काढलं, तुकडे केले आणि सरसाच्या भांड्यात टाकले. जुन्या चामड्याचा सरस उत्तम होतो, ते नेहमी तेच करत. तो शिजला, गाळला, आणि मंगळवारी त्याच सरसाने त्यांनी कड्याचे सुटलेले थर चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवले. बुधवारी नवं चामडं चढवलं.

त्याच दिवशी नर्सने दारातूनच डोकं आत घातलं. "काका, सांगायचंच राहिलं. जुनं चामडं टाकू नका हं. त्यावर आईच्या हाताचा डाग आहे. फ्रेम करणारे मी."

"ठेवलंय की!" काका म्हणाले.

ती जिना उतरेपर्यंत काकूंनी पावलांकडे कान दिला. मग म्हणाल्या, "अहो, ते तर परवाच शिजलं."

"हळू बोल."

"काय हळू? लक्ष कुठल्या गावाला गेलं होतं तुमचं?"

पण कबूल कोण करणार? काकांनी खणातून दुसऱ्याच कुणाचं तरी फाटकं, डाग नसलेलं चामडं काढलं आणि कामाला बसले. पातळ चहा, जवसाचं तेल, चिमूटभर काजळी, आणि अंगठा. दोन दुपारी त्यांनी तो डाग घडवला. कडेला विरत जाणारा, मधे गडद, मनगटाच्या हाडाशी किंचित चकाकणारा. इतका सुरेख जमला की अधूनमधून त्यांना वाटायचं, बाई खरंच इथे हात टेकून गेली असावी. काकू येता-जाता बघत होत्या आणि एक अक्षर बोलत नव्हत्या. चाळीस वर्षांच्या संसारात काकांना याचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची.

शनिवारी नर्स आली. काकांनी तारांवरून वाजवायची पट्टी फिरवली, आणि बँजो लख्ख, टणक आवाजात बोलला. तिने मान डोलावली, पण तिचे डोळे चामडं शोधत होते. काकांनी ते पुढे केलं.

तिने ते उजेडाकडे धरलं. डागावर आपला तळवा ठेवला.

"हाच," ती म्हणाली. डोळे पुसले. "गंमत बघा, मला वाटायचं तो बराच खाली होता. अगदी कडेशी. लहानपणी मी समोर जमिनीवर बसून तेवढंच तर बघायची." ती ओशाळं हसली. "एका वर्षात आईचा हातसुद्धा विसरले म्हणायचं."

काका सुटले होते. चामडं कागदात गुंडाळायचं, नमस्कार करायचा, संपलं. त्यांनी कागद घेतलासुद्धा. पण ती पुन्हा त्या डागाकडे बघत होती, डोळे बारीक करून, आणि काकांना स्पष्ट दिसलं की ती आता आपल्या आठवणीतला हात उचलून इथे, या चहाच्या डागावर आणून ठेवते आहे.

"तुम्ही विसरला नाहीत," ते म्हणाले. "हा मी केलाय. तुमच्या आईचं चामडं मी शिजवलं. चुकून. मग खोटं बोललो."

छताचे दांडे फिरायचे थांबले होते. खाली इस्त्रीची वाफ फुसफुसली.

"म्हणजे तुम्ही मला माझीच आई चुकीची शिकवत होतात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"हो."

"मग खरं कुठंय ते?"

काकांनी बँजो उलटा केला आणि कड्यावरची, केसाएवढी बारीक, मधाच्या रंगाची रेघ दाखवली. "त्याचाच सरस. थर धरून ठेवलेत त्याने."

तिने रेघेवरून नख फिरवलं. चेहऱ्यावरचा राग गेला नाही. "आणि तो डाग? तुम्ही म्हणे डागावरून माणूस ओळखता. खालची लॉन्ड्रीवालीसुद्धा सांगते. काय दिसलं तुम्हाला आईच्यात?"

पहिलं कबूल करणं सोपं होतं. याला काकांची जीभ रेटेना. "मी बघितलाच नाही तो," ते शेवटी म्हणाले. "हजार बघितले. तेवढाच नाही बघितला."

ती जायला वळली. बँजो काखेत, हात दाराच्या कडीवर. मग तशीच मागे आली, स्टुलावर बसली आणि बँजो मांडीवर घेतला.

"मला वाजवता येत नाही," ती रागानेच म्हणाली.

"नका वाजवू. नुसता हात ठेवा."

तिने हात ठेवला. पांढऱ्याशुभ्र चामड्यावर अगदी खाली, कडेशी, जिथे कुणीही शहाणा वाजवणारा ठेवणार नाही. मनगट थोडं बाहेर वळलेलं, आणि करंगळी हवेत.

"दारात सापडून मोडली होती तिची," ती म्हणाली. "ती तशीच वर राहायची. कपडे पिळतानासुद्धा."

काका तिच्या पुढ्यात जमिनीवर बसले आणि बघू लागले.