लाजवंतीसाठी टोळ

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे आणि अंबरनाथला भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे. पस्तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, त्यात नाकावर राग. शेजारणी वाटीभर साखर मागायलासुद्धा माझ्या दाराशी येत नसत. एक दिवस वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या कॅम्पात एका आंटीकडे मांजराचं पिल्लू आहे, पण ते हाताने केळं खातं." आता मांजर हाताने केळं खात नाही हे कळायला प्राणिशास्त्र शिकावं लागत नाही. संध्याकाळी मी तिच्याबरोबर गेले.

फाळणीनंतर निर्वासितांना दिलेल्या जुन्या बराकीतली खोली होती. एक सिंधी म्हातारी पिंजऱ्यासमोर बसली होती आणि पिंजऱ्यात होती लाजवंती. ओंजळीत मावेल एवढी, शेपूट नाही, हातपाय काटक्यांसारखे, आणि सगळा चेहरा व्यापून उरलेले दोन गोल डोळे. लाजवंती म्हणजे माकडाच्या कुळातलंच एक जनावर. दिवसा झोपतं आणि दिवेलागणीला जागं होतं. मी मूळची सावंतवाडीकडची, पण आमच्या रानात लहानपणी एकदाच ते पाहिलं होतं. तेव्हाही मोठ्यांनी घाईघाईने माझे डोळे झाकले होते, दिसणं अशुभ म्हणून.

म्हातारीच्या नवऱ्याने ते स्टेशनबाहेरच्या एका ज्योतिषाकडून आणलं होतं. ज्योतिषी त्या जनावराकडून लोकांच्या भविष्याच्या चिठ्ठ्या उचलून घ्यायचा आणि ते पार सुकून गेलं होतं. पुढे नवरा वारला. मुलगा-सून परदेशात. खोलीत ही दोघंच उरली.

"देख बेटी," ती कौतुकाने म्हणाली, "खाने के पहले हाथ धोती है. माणसं पण एवढी साफ नसतात."

हात कशाने धुते ते मी सांगून टाकलं. लाजवंती स्वतःच्याच मुताने हातपाय ओले करते. म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून मी तिला अम्मा म्हणायला लागले.

असं जनावर घरात ठेवणं कायद्यात बसत नव्हतं. वनखात्यात माझ्या ओळखीचे एक साहेब होते. ते म्हणाले, "आणा की. बदलापूरच्या पुढे सोडून देऊ." जंगल म्हणजे जंगल, एवढं साधं गणित. मी कडाकडा भांडले. ही जात इकडची नाहीच, ती खाली दक्षिणेकडच्या घाटातली, आणि तिथेही जेमतेम उरलेली. लाजवंती उडी मारत नाही. पुढची फांदी धरल्याशिवाय हातातली सोडत नाही. झाडाला झाड लागलेलं असेल तिथपर्यंतच तिचं जग. मधून एक रस्ता काढला, की अलीकडची अलीकडेच राहते आणि पलीकडची पलीकडे. शिवाय केळी आणि दूध खाऊन ही किडे धरायचंच विसरली होती. तशीच सोडली असती तर उपाशी मेली असती.

"मग तुम्हीच शिकवा तिला," साहेब वैतागून म्हणाले. "शिकवायचाच पगार मिळतो ना तुम्हाला?"

मग शिकवलं. सकाळचं कॉलेज सुटलं की मी पालेगावच्या शेतांत जाऊन जाळीने टोळ पकडायचे. बांधावरून एक बाई ओरडली, "काय गो बाय, काय हरवलाय तुजा?" मी म्हटलं, टोळ पकडतेय. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काळजीने विचारलं, "खातंस काय?"

टोळांचा डबा घेऊन मी संध्याकाळी अम्माकडे. पहिले काही दिवस लाजवंती टोळांकडे ढुंकूनही बघेना. अम्मा माझ्या पाठीमागे तिला केळं भरवायची, मी अम्मावर ओरडायचे, अम्मा मला चहा करून द्यायची. मग एका संध्याकाळी लाजवंतीचा हात इतक्या सावकाश पुढे आला की टोळाला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. तिने त्याचं डोकं कुरतडलं तेव्हा अम्माने टाळ्या पिटल्या आणि मला मिठी मारली. याआधी मला कोणी कधी मिठी मारली होती, ते घरी जाताना काही केल्या आठवेना.

थोड्याच आठवड्यांत लाजवंती तयार झाली. अम्मा मात्र तयार होईना. आज थंडी आहे. आज शनिवार, आज नको. आज माझं अंग दुखतंय, कल ले जाना. साहेबांची जीप दोनदा तशीच गेली. शेवटी माझं डोकं फिरलं. "अम्मा, हे तुमचं खेळणं नाही," मी म्हणाले. "तिच्यासाठी नाही, तुम्ही स्वतःसाठी अडवताय."

अम्मा उठली, टोपलीत आपली शाल अंथरली, लाजवंतीला अलगद आत ठेवलं आणि टोपली माझ्या हातात दिली.

दक्षिणेकडच्या घाटात वनखात्याच्या माणसांनी झाडाला झाड लागलेला एक पट्टा निवडला होता. उजेड कमी झाल्यावर झाकण काढलं. लाजवंती वेलीवरून वर गेली, थांबली, पुढची फांदी धरली, मग मागची सोडली. बघता बघता पानांत दिसेनाशी झाली. आम्ही बराच वेळ माना वर करून उभे होतो. तिच्या जातीचं दुसरं कोणी दिसलं नाही, आवाजही आला नाही. मला वाटलं होतं, आनंद होईल. प्रत्यक्षात मी रिकाम्या टोपलीतल्या शालीची पुन्हा पुन्हा घडी करत बसले.

परत आले ती सरळ अम्माकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"उधर उसका कोई मिला?"

"असतील अम्मा. मला दिसले नाहीत."

तिने मान हलवली. मी निघायला उठले तशी ती म्हणाली, "चलो, ती गेली. अब तू भी नहीं आएगी."

थंडी, शनिवार, अंगदुखी हे सगळं कोणासाठी होतं, ते मला तेव्हा कळलं.

"येईन ना," मी म्हणाले.

"किसलिए? टोळ खाणारी तर गेली."

वर्गात माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं, नसेल तर दम असायचा. इथे मी चपला शोधायला लागले. चपलेत पाय घालता घालता मी म्हणाले, "मला घरी कोणी नाही, अम्मा." हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मालूम है," अम्मा म्हणाली. "घरी वाट बघणारं कोणी असतं, तो माकडाला टोळ खाताना बघत रोज इतका वेळ कौन बैठता है?"